धावपट्टी अलीकडे, बेट पलीकडे

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजी पहिल्यांदा मला भेटायला कराडला आली. स्टँडवरून आम्ही रिक्षात बसलो आणि थोड्या वेळानं डोक्यावरून एक छोटं विमान गेलं. दोन माणसांचं, शिकाऊ पोरांचं असतं तसलं. वारुंजीच्या बाजूला खाली खाली जात ते दिसेनासं झालं. इथं विमानतळ आहे हे आजीला मोठ्या कौतुकानं सांगायला मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "ते इमान आपल्या धरणाचं."

मला हसू आलं. धरणाचं कुठं विमान असतं? आजीनं पुढं काही सांगितलं नाही. रिक्षावाल्याला दहा रुपये जास्त झाले म्हणून ती त्याच्याशी भांडायला लागली आणि विषय तिथंच राहिला.

पुढं काही वर्षांनी, नोकरी लागल्यावर, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून मी कराडच्या विमानतळाबद्दल वाचत होते. ते वाक्य तेव्हा आठवलं. आजी बरोबर होती. कराडची धावपट्टी 1955 मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधली आणि ती बांधली कोयना प्रकल्पासाठी. म्हणजे माझ्या आजीचं गाव ज्या पाण्याखाली गेलं, त्या पाण्यासाठी ये-जा करणाऱ्या मोठ्या माणसांकरता.

हा लेख त्या धावपट्टीबद्दल आहे आणि त्याच धरणानं तिच्यापासून साठेक किलोमीटरवर तयार केलेल्या एका बेटाबद्दलही आहे.

विमान कशासाठी आलं

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णाही तिथलीच, पण दोघींचे स्वभाव वेगळे. कृष्णा वाईच्या बाजूनं देशावर उतरते. कोयना सह्याद्रीला चिकटून सरळ दक्षिणेला जाते, दोन डोंगररांगांच्या मधल्या अरुंद खोऱ्यातून. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते, पाटणवरून खाली येते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते.

इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं तर ही जागा म्हणजे लॉटरीच. खोरं अरुंद, पाऊस प्रचंड आणि पश्चिमेची डोंगररांग ओलांडली की जमीन एकदम कोकणात कोसळते. नदी वळते तिथं अडवायची, पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला न्यायचं आणि साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली टर्बाइनवर सोडायचं. ही कल्पना स्वातंत्र्याच्या आधीपासूनची आहे. टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच या खोऱ्याचा विचार केला होता, पण महायुद्ध आणि मंदीत तो मागं पडला. शेवटी तेव्हाच्या मुंबई राज्याच्या सरकारनं हे काम हातात घेतलं आणि 1954 मध्ये धरणाचं बांधकाम सुरू झालं.

तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. 1949 पासून त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. पुणे ते मिरज रेल्वे मीटरगेज होती. मुंबई राज्याच्या राजधानीतून कोयनेपर्यंत यायचं म्हणजे घाट, रेल्वे, पुन्हा रस्ता आणि पुन्हा घाट. धरण बघायला येणारे मंत्री आणि बडे अधिकारी या वाटेनं किती वेळा येणार? म्हणून कराडजवळ सपाट जागा बघून धावपट्टी केली गेली. लांबी 1,280 मीटर. तिथं उतरायचं, मोटारीत बसायचं आणि पाटणवरून कोयनानगर गाठायचं.

माझ्या आजोबांनी त्या काळात विमान जवळून पाहिलं नव्हतं. पण खोऱ्यात बातमी पोचली होती की सरकारी माणसं आता आभाळातून येणार. आजी सांगते, धरण खरंच होणार यावर लोकांचा विश्वास बसायला विमान कारणीभूत ठरलं. मोजणीवाले येऊन खुणा करून गेले, तेव्हा लोकांना वाटलं असले कागदी घोडे खूप येतात. पण ज्या कामासाठी विमान येतं ते काम काही थांबत नाही.

थांबलं नाहीच. 1962 मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज तयार झाली. धरणाची उंची 103 मीटर, लांबी 800 मीटरच्या वर. आज शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी आहे आणि सगळे टप्पे धरून प्रकल्पाची वीजक्षमता 1,960 मेगावॅट. कोयनेला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात, ते काही उगाच नाही. मी हा लेख ज्या लॅपटॉपवर लिहिते आहे, त्याच्या चार्जरमधून येणाऱ्या विजेत कोयनेचा वाटा असेलच. हे मान्य करूनच पुढचं लिहिते आहे.

बेट कसं झालं

शिवसागर साधारण पन्नास किलोमीटर लांब आहे. धरणाच्या भिंतीपासून उत्तरेला तापोळ्यापर्यंत पाणी पसरलेलं असतं. कोयनेबरोबर सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या खोऱ्यांतही ते शिरतं. या पाण्यानं सुमारे शंभर गावं पूर्ण किंवा अर्धी घेतली.

"पूर्ण किंवा अर्धी" हे तीन शब्द वाचताना सहज निसटतात. इतिहासात आपण गाव "बुडालं" असं एका क्रियापदात लिहितो. पण पाणी गाव बघत नाही, उंची बघतं. नदीकाठची भातखाचरं, देऊळ, खालची आळी बुडाली. डोंगरउतारावरची घरं आणि नाचणी-वरीची वरकस जमीन राहिली. ज्यांचं सगळं गेलं ते उठले. ज्यांचं अर्धं गेलं त्यांच्यातले काही उठले आणि काही तिथंच वर सरकले. चार दगड रचून नवं घर बांधलं आणि राहिले.

आमच्या घरचं सांगते. आजीचं सासर नदीच्या पूर्वेला, तिच्या धाकट्या बहिणीचं सासर पश्चिमेला, समोरासमोर. मध्ये कोयना. नदी ओलांडायला उतार होता. उतार म्हणजे पात्र उथळ असलेली, पायी पार करता येणारी जागा. पावसाळ्याचे महिने सोडले तर आजी सकाळची भाकरी झाल्यावर बहिणीकडं निघायची आणि दुपारच्या जेवणाला परत यायची. एक तास जायला, एक तास यायला. भर पावसात होडी असायची, नाहीतर दोन महिने भेट नाही. पण ते दोन महिने ठरलेले असत.

पाणी आलं तेव्हा आजीचं घर खाली गेलं. बहिणीचं उंचावर होतं, ते राहिलं. आजी-आजोबांना जमीन मिळाली ती खोऱ्यापासून लांब, सांगली जिल्ह्यात. आमच्या वस्तीला अजून "वसाहत" म्हणतात. शाळेत असताना आम्हाला "कोयनेची पोरं" म्हणायचे आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की कोयना म्हणजे एक्सप्रेस.

तेव्हा विस्थापितांसाठी कायदाच नव्हता हे लक्षात घ्यायला हवं. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा आला 1976 मध्ये. कोयनेचं पाणी अडल्यावर जवळजवळ दीड दशकानं. लोकांना सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे असं मिळेल तिकडं पांगवलं गेलं. कित्येकांच्या जमिनीचा हिशोब नातवंडांच्या पिढीपर्यंत लांबला. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनेचे धरणग्रस्त 2018 मध्येही कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते.

पण विस्थापितांबद्दल निदान लिहिलं गेलं, आंदोलनं झाली. जे उठले नाहीत त्यांचं काय झालं? त्यांचं झालं बेट.

नकाशावर बघाल तर हे बेट नाही. पश्चिम काठाला जमीन जोडलेलीच आहे. पण कुठल्या जमिनीला? पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, त्याखाली कोकण. उतरायच्या जुन्या पायवाटा आहेत, पण त्या धडधाकट माणसाच्या. दक्षिणेला दाट जंगल. उत्तरेला फार लांबचा वळसा. आणि पूर्वेला, जिथं बाजार, दवाखाना, हायस्कूल, कोर्ट, तहसील सगळं आहे, तिथं पाणी. पुढं 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं आणि 2010 मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. जंगल टिकलं हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर रस्त्याचा प्रत्येक मीटर हा परवानगीचा विषय झाला.

मी बेटाची व्याख्या अशी करते: जिथून बाहेर पडायला तुम्हाला दुसऱ्याच्या मालकीच्या वाहनाची आणि त्याच्या वेळापत्रकाची वाट बघावी लागते, ते बेट. आजीच्या बहिणीचं गाव कुठंही न हलता बेट झालं.

लाँच

बेटाला मुख्य भूमीशी जोडते ती लाँच. बामणोली, तापोळा ही तिची मोठी ठिकाणं. तुम्ही वासोट्याचा ट्रेक केला असेल तर बामणोलीहून बोटीत बसला असालच. तासा-दीड तासाचा तो प्रवास इन्स्टाग्रामवर फार सुंदर दिसतो. ट्रेकर्ससाठी खासगी बोटी आहेत. गावकऱ्यांसाठी वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेच्या लाँच आहेत आणि तापोळ्याला गाड्या पलीकडं नेणारा बार्ज आहे. दुचाकी, जीप, सिलेंडर, सिमेंटच्या गोणी, नवरा-नवरी आणि वऱ्हाड, सगळं त्यावरून जातं.

या लाँचची अडचण मला इंजिनिअर असूनही प्रत्यक्ष पाहीपर्यंत कळली नव्हती. समुद्राला भरती-ओहोटी असते, ती रोजची. बंदर बांधणाऱ्याला पाणी किती चढणार, किती उतरणार हे आधी माहीत असतं आणि सहा तासांत पाणी परत येतं. धरणाच्या जलाशयालाही भरती-ओहोटी असते, पण वर्षातून एकदा. पावसाळ्याच्या शेवटी भरती आणि मे-जूनमध्ये ओहोटी. वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडत जाईल तसा काठ खाली सरकतो. उभ्या मापात काही मीटर पाणी उतरलं तर उतरत्या काठावर ते कितीतरी लांब मागं जातं. ऑक्टोबरमध्ये लाँच जिथं लागते तिथं मे महिन्यात भेगा पडलेला चिखल असतो. पक्का धक्का बांधायचा तरी कुठं? म्हणून धक्का ही जागाच फिरती. आज इथं, पुढच्या महिन्यात त्या दगडाच्या खाली.

आणि पावसाळ्यात पाणी भरपूर असतं तेव्हा वारा असतो, धुकं असतं, लाटा असतात. म्हणजे उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून अडचण आणि पावसाळ्यात पाणी आहे म्हणून. बाकी बरं चालतं.

आजीच्या बहिणीचे यजमान गेले तेव्हा जुलै महिना होता. मी तेव्हा सहावीत होते. बातमी आमच्याकडं पोचली तिसऱ्या दिवशी. पलीकडं फोनला रेंज नव्हती आणि वाऱ्यामुळं लाँच दोन दिवस सुटली नव्हती. आजी दहाव्यालाही पोचू शकली नाही. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "वीज आली का गं तिकडं?" का विचारलं ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तिला विचारायचं होतं की ज्याच्यासाठी हे सगळं झालं, ते तरी तिथं पोचलं का.

जगातली बाकीची बेटं

विमानतळ आणि बेट यांचं नातं जगात इतर ठिकाणी कसं आहे हे शोधताना मला सेंट हेलेना सापडलं. नेपोलियनला जिथं ठेवलं होतं आणि 1821 मध्ये जिथं तो वारला ते दक्षिण अटलांटिकमधलं बेट. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. 2017 पर्यंत तिथं जायला केपटाऊनहून एकच बोट होती. प्रवास पाच दिवसांचा आणि फेरी साधारण तीन आठवड्यांनी. ब्रिटिश सरकारनं 28 कोटी पौंडांहून जास्त खर्च करून विमानतळ बांधला. 2016 मध्ये तो तयार झाला आणि मग लक्षात आलं की धावपट्टीच्या टोकाला वारा अचानक दिशा आणि वेग बदलतो. मोठं विमान नीट उतरवता येईना. नियमित विमानसेवा सुरू व्हायला ऑक्टोबर 2017 उजाडला, तीही लहान विमानांनी. पण झाली. इंग्लंडमध्ये त्या खर्चावर टीका खूप झाली, तरी इतक्या कमी लोकांसाठी का होईना, जोडणी करणं हे सरकारचं काम आहे एवढं गृहीत धरलेलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण लक्षद्वीपचं. अगत्ती बेटावर 1988 मध्ये विमानतळ सुरू झाला. धावपट्टी सुमारे 1,200 मीटरची, म्हणजे कराडच्या धावपट्टीपेक्षाही थोडी लहान. तिथून कवरत्तीला, म्हणजे राजधानीला जायचं तर पुढं बोट किंवा हेलिकॉप्टर. विमानतळ झाला म्हणून बाकीच्या बेटांची बोट सुटली नाही.

ही दोन्ही उदाहरणं वाचताना मला एक गोष्ट खटकली. तिकडं बेट निसर्गानं तयार केलं आणि सरकारनं बेटावर विमानतळ बांधून ते जोडलं. आपल्याकडं सरकारनं आधी विमानतळ बांधला, त्या विमानतळाच्या मदतीनं धरण बांधलं आणि धरणानं बेट तयार केलं. धावपट्टी जोडणीच्या आधी आली आणि ती बेटासाठी नव्हतीच.

आभाळातून येणारी माणसं

ही गोष्ट 1955 मध्येच संपली असती तर मी लिहिली नसती.

22 आणि 23 जुलै 2021 ला साताऱ्याच्या पाटण तालुक्यात प्रचंड पाऊस पडला. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, माणसं गाडली गेली. रस्ते तुटले आणि काही गावांतल्या लोकांना बाहेर काढायला बोटी वापराव्या लागल्या. 26 जुलैला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीसाठी निघाले, पण खराब हवामानामुळं हेलिकॉप्टर कोयनानगरला उतरू शकलं नाही आणि पुण्याला परत गेलं. यात कुणाची चूक नाही. त्या हवेत उतरायला नकोच. पण सेंट हेलेनाच्या वाऱ्यासारखीच ही बाब आहे: आभाळातली वाट नेमकी गरजेच्या दिवशी बंद असते. त्या दिवशी खोऱ्याच्या उपयोगी पडली ती बोटच.

पुढच्या वर्षी, जानेवारी 2022 मध्ये, जावळी तालुक्यातल्या खिरखंडी गावच्या मुलींची बातमी आली. या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि पुढं जंगलातून चालत अंधारीच्या शाळेत जातात. मुंबई उच्च न्यायालयानं या बातमीची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. त्यांचं मूळ गाव दरे, याच जलाशयाच्या काठचं. खिरखंडीच्या प्रकरणात सुनावणी करताना न्यायालयानं विचारलं तेही हेच की मुख्यमंत्र्यांच्या गावात दोन हेलिपॅड आहेत, मग मुलांना शाळेत जायला धड वाट का नाही?

ते वाचलं तेव्हा मला आजीचं वाक्य आठवलं. ते इमान आपल्या धरणाचं. 1955 मध्ये बाहेरची माणसं आभाळातून खोऱ्यात यायची. 2022 मध्ये खोऱ्यातलाच माणूस राज्याच्या सर्वोच्च खुर्चीत बसला आणि तोही गावी आभाळातूनच उतरला. मी यात एका माणसाला दोष देत नाही. मुंबई-ठाण्याला माथाडी, गिरणी, रिक्षा, हमाली करायला गेलेल्या हजारो घरांतलं ते एक घर. पण सत्तर वर्षांत या खोऱ्याकडं यायच्या वाटा दोनच राहिल्या, एक फार उंचावरची आणि एक पाण्यातली. मधली, साधी, पायाखालची वाट कुणाच्या वाट्याला आलीच नाही.

आता मात्र काही होतं आहे. तापोळ्याहून पलीकडं गाढवली-आहिरच्या बाजूला केबल पूल बांधायला घेतला आहे. पुलाच्या उंच खांबांचे फोटो फोनवर आले तेव्हा मी ते आजीला दाखवले. तिनं फोन जवळ घेऊन नीट बघितलं आणि विचारलं, "आपल्या उतारापासनं किती लांब?"

खूप लांब आहे. पूल उत्तरेला, तिची बहीण दक्षिणेला. पण मी तसं सांगितलं नाही.

तेच पाणी, खाली

धरणाची गोष्ट धरणापाशी संपत नाही, हे सांगलीकराला सांगायला नको. कोयनेचे दरवाजे उघडले की कराडला कृष्णा फुगते आणि मग ते पाणी आमच्याकडं येतं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी आहे 45 फूट. आठवडाभर नदीकाठची गावं एकेक बेट झाली. नौदलाच्या, एनडीआरएफच्या तुकड्या विमानानं-हेलिकॉप्टरनं आल्या, वरून अन्नाची पाकिटं टाकली गेली. धावपट्ट्या कामी आल्या, नाही असं नाही.

पण 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावात लोक एका बोटीत बसून बाहेर पडत होते. बोट भरलेली होती. ती उलटली. 17 माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं जास्त. विमान होतं, हेलिकॉप्टर होतं, मदतीचे पैसे होते. कमी पडली ती एक मजबूत बोट आणि प्रत्येकाच्या अंगात एक लाइफ जॅकेट.

आमच्या कामात "लास्ट माईल" हा शब्द रोज येतो. सर्व्हर कितीही भारी असू दे, शेवटच्या माणसाच्या फोनपर्यंत डेटा पोचला नाही तर सिस्टिम बंदच समजायची. 2019 च्या त्या आठवड्यात मी पुण्यात अडकले होते, हायवे बंद होता. घरचे शेजारच्या गावातल्या शाळेत होते. ब्रह्मनाळची बातमी वाचून मी पहिला फोन घरी केला आणि म्हणाले, "बोट आली तरी भरलेल्या बोटीत बसू नका." आजी मागून ओरडली, "मला शिकवू नगं, मी कोयनेची हाय." ती त्या अख्ख्या पुरात आम्हा सगळ्यांपेक्षा शांत होती. पाणी येतं तेव्हा काय काय उचलायचं हे तिला पाठ होतं: कागद, बियाणं, देव आणि म्हातारी माणसं, याच क्रमानं. एकदा कागद मागं राहिले होते, त्याचे परिणाम तिनं भोगले होते.

मे महिना

गेल्या मे महिन्यात मी आजीला बहिणीकडं घेऊन गेले. दोघींची भेट होऊन सात वर्षं झाली होती. सातारा, कास, बामणोली. फुलं नव्हती, त्यामुळं कासवर गर्दीही नव्हती. काठावर पोचलो तर पाणी इतकं खाली की लाँच खेळण्यासारखी दिसत होती. मध्ये उतरता, भेगाळलेला चिखल. आजीचे गुडघे बघून मी म्हटलं, नको जाऊया. लाँचवाल्या मामांनी काही न बोलता चहाच्या टपरीवरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. दोघांनी खुर्ची उचलली आणि आजी राणीसारखी पाण्यापर्यंत गेली. वाटेत ती त्यांना चिखल कुठं घट्ट आहे ते सांगत होती.

लाँच सुटली. इंजिनाच्या आवाजात बोलता येत नव्हतं. साधारण अर्ध्या वाटेवर आजीनं माझा दंड धरला आणि पाण्याकडं बोट केलं. पाणी उतरल्यामुळं काठाला एका जोत्याचे दगड उघडे पडले होते. त्याच्या जरा पुढं, खोल पाण्यावर, ती दाखवत होती. तिथं मला काहीच दिसत नव्हतं.

"हितं उतार हुता," ती कानाशी येऊन म्हणाली. "गुडघाभर पाणी. वाहणा हातात घ्यायच्या."

मी फोन काढून लोकेशन सेव्ह केलं. नेटवर्क नव्हतं, पण जीपीएसला नेटवर्क लागत नाही. निळा ठिपका निळ्या रंगावर उभा होता. आजूबाजूला नकाशावर एकही नाव नाही. मी नाव टाकलं: उतार.

पलीकडच्या काठावर तिची बहीण सकाळपासून येऊन बसली होती. छत्री उघडून, दगडावर. आजीला उतरवायला खुर्ची नव्हती. मामांनी आणि मी मिळून तिला धरलं. दोघी बहिणी एकमेकींना भेटल्या तेव्हा आधी कुणी बोललंच नाही. मग धाकटी म्हणाली, "आक्का, किती उशीर गं."

"लाँच उशिरा सुटली," आजी म्हणाली.

संध्याकाळी पाचला परतीची शेवटची फेरी होती. मामांनी पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत थांबून घेतलं. त्याहून जास्त थांबणं त्यांच्याही हातात नव्हतं. परत येताना कराडला मुक्काम केला. सकाळी हॉटेलच्या खिडकीतून वारुंजीची बाजू दिसत होती. तिथं विमानतळ वाढवायचा प्रस्ताव गेली काही वर्षं गाजतो आहे आणि वारुंजी, केसे, मुंढे इथल्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे, कारण जाणार ती बागायती जमीन त्यांची. सांगलीजवळ कवलापूरची संस्थानकाळातली धावपट्टी ओसाड पडली आहे आणि तिथं विमानतळ व्हावा म्हणून लोक आंदोलन करतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला कळतं. पुण्याला पाच तास एसटीत बसणाऱ्या मुलीला विमान नको असेल असं नाही.

मी आजीला विचारलं, "कराडला मोठं विमान आलं तर बसशील का?"

ती पिशवीत बहिणीनं दिलेली नाचणी नीट बांधत होती. म्हणाली, "बसंन की. पर तिच्याकडं उतरतंय का ते, आधी ते इचार."